नाव न लागणाऱ्या अमूर्त चित्राची पारख

जुने घर रिकामे करताना माळ्यावरून, किंवा बंद पडलेल्या कंपनीच्या कार्यालयातून, एखादे मोठे अमूर्त चित्र खाली येते. त्यात डोंगर नाही, माणूस नाही, देव नाही. उजव्या कोपऱ्यात सहीसारखे काहीतरी आहे, पण अक्षर लागत नाही. घरात लगेच दोन तट पडतात. एकाला ते भंगारवाल्याला द्यायचे असते, दुसऱ्याला घबाड हाती लागल्याची खात्री असते. दुसऱ्याने बातम्या वाचलेल्या असतात. २०१३ च्या डिसेंबरात ख्रिस्तीजच्या मुंबईतल्या पहिल्या लिलावात वासुदेव गायतोंडे यांचे एक शीर्षक नसलेले चित्र २३ कोटी ७० लाखांना गेले. सप्टेंबर २०२५ मध्ये सॅफ्रनआर्टच्या लिलावात त्यांच्याच १९७० सालच्या चित्राने ६७ कोटींचा आकडा ओलांडला.

त्या किमतीत रंग आणि कॅनव्हास यांच्या बरोबरीने नोंदी असतात. चित्र कोणत्या साली रंगवले, पहिल्यांदा कोणी घेतले, कोणत्या प्रदर्शनात टांगले होते, कोणत्या पुस्तकात छापले गेले, याची साखळी असते. अनोळखी चित्रापाशी ती नसते. म्हणून पारख करताना आधी नोंदी जमवायच्या, मग चित्र पाहायचे आणि आकड्याचा विचार अगदी शेवटी करायचा. आकड्यापासून सुरुवात करणारा माणूस बहुतेक वेळा फसतो. कधी चित्र फुंकून टाकतो, कधी भलत्याच्या नावावर पैसे घालतो.

आधी मागची बाजू

टेबलावर धुतलेली चादर पसरून चित्र पालथे ठेवावे. रंगाचे उंचवटे असतील किंवा पापुद्रे सुटत असतील तर पालथे घालू नये. भिंतीशी तिरके उभे करून मागून टॉर्च मारावा. पुढची बाजू चित्रकाराने लोकांसाठी केलेली असते. मागच्या बाजूला त्याने स्वतःसाठी, फ्रेमवाल्यासाठी, हमालासाठी खुणा केलेल्या असतात, आणि त्या सहसा खोटे बोलत नाहीत. अमूर्त चित्रांच्या बाबतीत तर हे विशेष महत्त्वाचे आहे, कारण पुढे सही केल्याने रचना बिघडते म्हणून अनेक चित्रकार मागेच सही करतात. गायतोंडे यांच्या कितीतरी चित्रांवर सही आणि साल मागेच आहे.

मागच्या बाजूला काय काय वाचता येते, ते एका कल्पित चित्रावर पाहू. समजा, चित्र ३० बाय ४० इंचांचे आहे. कॅनव्हास लाकडी चौकटीवर ताणलेला, कोपऱ्यांत लहान लाकडी पाचरी, म्हणजे सैल पडलेला कॅनव्हास पुन्हा ताणता यावा अशी सोय. कडेला बारीक खिळे ठोकलेले आहेत आणि प्रत्येक खिळ्याभोवती कापडावर गंजाचे तपकिरी वर्तुळ उमटले आहे. मुंबईच्या हवेत असा गंज धरायला काही पावसाळे जावे लागतात. स्टेपलच्या चकचकीत पिना असत्या तर एकतर चित्र नवे, नाहीतर कोणीतरी ते पुन्हा ताणून घेतलेले.

वरच्या पट्टीवर फ्रेमवाल्याचे लेबल आहे. दुकानाचे नाव अर्धे फाटलेले, खाली इंग्रजीत ‘बॉम्बे ४’ एवढे शाबूत. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. त्याआधी शहराच्या नावापुढे टपाल विभागाचा एक-दोन आकडी क्रमांक लिहीत. म्हणजे लेबल १९७२ च्या आधी छापलेले दिसते. ‘दिसते’ म्हणायचे कारण, दुकानदार छापून घेतलेली लेबले संपेपर्यंत चिकटवतो. त्याच जागी ‘बॉम्बे ४०० ००४’ असते तर १९७२ ते १९९५ हा काळ धरता आला असता, आणि इंग्रजीत ‘मुंबई’ असते तर १९९५ नंतरचा, कारण शहराचे अधिकृत इंग्रजी नाव त्या साली बदलले.

आता डावी पट्टी. तिथे पेन्सिलीने १७ हा आकडा, त्याखाली ‘३५०/-’. घरच्यांना हा वाण्याचा हिशोब वाटतो. पण बहुधा हा प्रदर्शनातला अनुक्रमांक आणि मागितलेली किंमत आहे. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ पासूनची, आर्ट सोसायटी ऑफ इंडिया १९१८ पासूनची. अशा संस्थांच्या वार्षिक प्रदर्शनांच्या पुस्तिका छापल्या जात आणि त्यांत अनुक्रमांकापुढे चित्रकाराचे नाव, शीर्षक, माध्यम, पुष्कळदा किंमतही असे. सतरा नंबर आणि साडेतीनशे रुपये ही जोडी एखाद्या पुस्तिकेत जुळली, तर ज्या चित्राला तासाभरापूर्वी बाप नव्हता त्याला नाव, साल आणि शीर्षक तिन्ही मिळतात. फ्रेम नवी करायला दिलेल्या चित्राची जुनी पट्टी फ्रेमवाला सहज फेकून देतो. असे झाले की मला फार वाईट वाटते, कारण त्या पट्टीबरोबर एका माणसाचे काम कायमचे निनावी होते.

मागच्या बाजूचा प्रत्येक इंच चांगल्या उजेडात मोबाइलवर टिपून ठेवावा. स्वस्तातला अतिनील टॉर्च मिळत असेल तर अंधाऱ्या खोलीत लेबलावर मारून पाहावा. साधारण १९५० नंतरच्या कागदांत पांढरेपणासाठी घातलेली रसायने त्या प्रकाशात निळसर झगझगतात. १९४० सालचे म्हणून दाखवलेले लेबल असे चमकले तर ते १९४० चे नाही.

‘अनोळखी’ म्हणजे नेमके कोण?

अनोळखी चित्रकार एका जातीचे नसतात, आणि किंमत त्यावर अवलंबून असते.

काही जण तुम्हाला माहीत नसतात, पण कलाजगताला नीट माहीत असतात. अकोल्यात जन्मलेले अंबादास खोब्रागडे १९६३ मध्ये प्रदर्शन भरवलेल्या ‘ग्रुप १८९०’ या गटातले चित्रकार, पुढे नॉर्वेत स्थायिक झाले. अमूर्त चित्रकलेत त्यांचे नाव मोठे आहे. महाराष्ट्रातल्या शंभर घरांत विचारले तर एखाद्या घरी ओळखीचे निघेल. अशा चित्रकाराची सही ‘न लागणारी’ ठरून चित्र कवडीमोलाने जाणे हा खरा धोका आहे.

दुसरा मोठा वर्ग कलाशिक्षकांचा आणि जाहिरात संस्थांत नोकरी केलेल्यांचा. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, जहांगीरमध्ये किंवा ताजच्या गॅलरीत एखादे प्रदर्शन केले, राज्य कला प्रदर्शनात बक्षीस मिळवले, मग संसाराच्या धबडग्यात चित्रे मागे पडली. लिलावात त्यांचे नाव कधी आले नाही, पण पुस्तिकांत, वर्तमानपत्रांच्या कात्रणांत ते आहेत. महाराष्ट्रातल्या घरांत सापडणारी चांगली अमूर्त चित्रे मुख्यतः यांचीच असावीत असे माझे मत आहे. यांचा बाजार लहान, पण शोध घेण्याजोगे काम पुष्कळ.

तिसरे म्हणजे हौशी मंडळी. आणि चौथे, सजावटीचा कारखानदारी माल. चीनमधल्या शेनझेनच्या दाफेन गावात १९८९ पासून हाताने रंगवलेली तैलचित्रे घाऊक निघू लागली आणि जगभरच्या हॉटेलांत, कार्यालयांत पोचली. आपल्याकडेही हॉटेलांना पुरवठा करणारे कारागीर आहेत. चित्र हाताने रंगवलेले आहे एवढ्याने ते एका कलावंताच्या विचारातून आले असे होत नाही.

रंगवलेले की छापलेले

याला पाच मिनिटे लागतात आणि ती आधीच घालवलेली बरी. दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्या. हाताने लावलेल्या रंगात कुंचल्याच्या केसांचे चर, सुरीचे सपाट फटकारे, थराखालून डोकावणारा दुसरा रंग दिसतो. छपाईत सगळीकडे बारीक ठिपक्यांची फवारणी दिसते. चलाख विक्रेते छपाईवर पारदर्शक जेल फासून पोत आणतात. त्याची खूण अशी की उंचवटा एकीकडे आणि रंगाची कड दुसरीकडे पडते. खऱ्या फटकाऱ्यात दोन्ही बरोबर चालतात. चौकटीवर दुमडलेली कडही पाहावी. रंगवलेल्या चित्रात तिथे ओघळ, बोटांचे डाग, पायाथराचा पांढरा रंग असतो.

सही

सही वाचण्याआधी ती रंगावर बसली आहे की रंगात, ते पाहावे. चित्र रंगवल्यावर थोड्याच दिवसांत केलेली सही खालच्या थराबरोबरच वाळते आणि पुढे त्याच्याबरोबरच तडकते. नंतर कोणी चढवलेली सही तड्यांवरून वाहत गेलेली असते. भिंगातून पाहिले की तड्याच्या फटीत सहीचा रंग उतरलेला दिसतो. वार्निशच्या वर सही असेल तर अतिनील प्रकाशात ती वेगळी, गडद उठून दिसते.

मग वाचन. आपल्याकडे सही देवनागरीत, मोडीसारख्या वळणात, रोमनमध्ये किंवा नुसत्या आद्याक्षरांत असते. सालाचे आकडेही देवनागरी असू शकतात. ‘६१’ ला लोक ‘८९’ वाचतात. चित्र उलटे धरून, आरशात पाहून, फोटोचा काळा-पांढरा भेद वाढवून वाचावे. आणि जे वाचले ते जसेच्या तसे कागदावर लिहावे. ‘गा’ सारखे दिसते म्हणून ‘गायतोंडे’ लिहायचे नाही.

नाव कुठे शोधायचे

मराठीत यासाठी एक फार मोलाचे साधन आहे: सुहास बहुळकर आणि दीपक घारे यांनी संपादित केलेला ‘शिल्पकार चरित्रकोशा’चा दृश्यकला खंड. महाराष्ट्राशी नाते असलेल्या चित्रकार-शिल्पकारांची चरित्रे त्यात आहेत, आणि ज्यांची नावे लिलावाच्या संकेतस्थळांवर कधीच येत नाहीत असेही अनेक त्यात भेटतात. पहिला शोध तिथे घ्यावा. त्यानंतर आर्ट सोसायट्यांच्या जुन्या पुस्तिका, ललित कला अकादमीच्या राष्ट्रीय प्रदर्शनांचे कॅटलॉग (अकादमी १९५४ पासूनची), जहांगीर आर्ट गॅलरीत १९५२ पासून झालेल्या प्रदर्शनांची निमंत्रणपत्रे. कला महाविद्यालयांचे निवृत्त शिक्षक हे चालतेबोलते संग्रहालय असतात. सही पाहून ‘अरे, हा तर आमच्या वर्गातला’ असे सांगणारी ही शेवटची पिढी आहे. विचारायचे तर आत्ताच.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही विचारा. चित्र कोणी आणले, कोणत्या घरी टांगले होते, लग्नातली भेट की विकत घेतलेले? उत्तर तारखेसह लिहून सांगणाऱ्याची सही घ्यावी. चित्र कोणाकडून कोणाकडे गेले याचा मालकी-इतिहास असाच तयार होतो. जुने पासबुक, पावती, चित्रकाराचे पोस्टकार्ड सापडले तर सोन्याहून पिवळे.

चित्राकडे कसे पाहायचे

हा भाग लोक वगळतात. अमूर्त चित्रात काय पाहायचे असा प्रश्न पडतो आणि मग सगळा भार सहीवर जातो. पण नाव लागले नाही तरी चित्र बरे की वाईट हे बऱ्याच अंशी कळू शकते. त्यासाठी त्याच्यासमोर बसावे लागते.

दिवसाच्या उजेडात, आठ-दहा फुटांवरून सुरुवात करावी. सगळा चौकोन एका दमात नजरेत येतो का? की नजर एकाच भडक डागावर आपटून थांबते? मग हळूहळू जवळ जावे. चांगल्या चित्रात दर दोन पावलांनी नवे काही सापडत जाते: लांबून सपाट वाटलेला राखाडी रंग जवळून निळा, गेरू आणि हिरवट यांच्या थरांतून आलेला दिसतो. सजावटीच्या मालात जवळ गेल्यावर नवे काही मिळत नाही. लांबून जे दिसले तेच मोठे होऊन दिसते.

मग कोपरे पाहावेत. कच्चा चित्रकार मधल्या भागात रमतो आणि कोपरे कसेबसे भरून टाकतो. ज्याला अवकाशाची जाण आहे त्याने चारही कोपऱ्यांत काहीतरी ठरवलेले असते, भले तिथे काहीच न करण्याचे ठरवलेले असेल. त्यानंतर कडा. दोन रंग जिथे भेटतात तिथे चित्रकाराने काय केले? कड धारदार ठेवली, पुसट केली, खालचा थर किंचित उघडा ठेवला? ती कड चित्रभर एकाच सवयीने आली आहे की जागोजागी विचार करून, हे दिसू लागले की माणसाचा हात ओळखीचा होऊ लागतो.

खोडाखोडीही शोधावी. तिरप्या उजेडात पृष्ठभागाखाली झाकलेले आकार उमटतात. चित्रकाराने एक आकार काढला, पटला नाही, त्यावर दुसरा थर दिला. अशी झटापट असणे ही चांगली खूण आहे. कोणी एक माणूस या कॅनव्हासपाशी अडला आणि त्याने वाट काढली, हे तिथे दिसते. गायतोंडे रोलर आणि सुरीने रंग चढवत आणि उतरवत, चित्र संपवायला वेळ घेत आणि वर्षाकाठी मोजकीच चित्रे करत. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांचे मोठे प्रदर्शन भरवले, त्याच्या शीर्षकातच चित्रणाची प्रक्रिया होती. त्या चित्रांसमोर उभे राहिले की थर हा शब्द कळतो. डोळा तयार करायचा असेल तर मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात जाऊन खरी चित्रे पाहावीत. मोबाइलवरच्या फोटोत थर दिसत नाहीत. प्रभाकर बरवे यांचे ‘कोरा कॅनव्हास’ सोबतीला असावे. चित्रकार कॅनव्हाससमोर काय विचार करतो ते मराठीत इतक्या स्वच्छपणे सांगणारे पुस्तक विरळा.

एक सावधगिरी. ‘हे अगदी गायतोंडेंसारखे आहे’ असे कोणी म्हटले तर ते चित्राच्या विरुद्ध धरावे. पळशीकर, गायतोंडे, बरवे, कोलते यांच्या प्रभावाखाली विद्यार्थ्यांच्या पिढ्याच्या पिढ्या घडल्या. सारखे दिसण्यावरून फार तर घराणे कळते, हात कळत नाही. उलट कोणासारखेच न दिसणारे, पण स्वतःशी सुसंगत असलेले अनामिक चित्र अधिक शोध घेण्याच्या लायकीचे असते.

नकलांचा धोका

निनावी जुने अमूर्त चित्र हा बनावटगिरी करणाऱ्यांचा आवडता कच्चा माल. कॅनव्हास जुना, रंग जुना, फक्त सही घालायची बाकी.

जानेवारी २००९ मध्ये सैयद हैदर रझा दिल्लीत स्वतःच्याच चित्रांच्या प्रदर्शनाला गेले आणि भिंतीवरची बरीचशी चित्रे आपली नाहीतच हे त्यांच्या लक्षात आले. चित्रकार हयात होता, म्हणून हे उघडकीला तरी आले. न्यूयॉर्कमधले नोडलर हे १८४६ पासूनचे चित्रविक्रीचे दालन २०११ मध्ये बंद पडले. पोलॉक, रॉथको, मदरवेल या अमेरिकी अमूर्त चित्रकारांची म्हणून त्याने वर्षानुवर्षे विकलेली चित्रे क्वीन्स भागातला एक चित्रकार आपल्या गॅरेजमध्ये रंगवत होता. या व्यवहारांचा एकूण आकडा ८ कोटी डॉलरांच्या घरात गेला. एका ‘पोलॉक’ चित्रावरच्या सहीत स्पेलिंगमधले एक अक्षरच गळालेले होते. दुसऱ्या एका चित्रात असा रंग सापडला, जो पोलॉक १९५६ मध्ये वारल्यानंतर बाजारात आला. मोठमोठे जाणकार चित्राच्या सौंदर्याने भारावले आणि बहुतेकांनी मालकी-इतिहासाचे कागद नीट मागितले नाहीत.

प्रयोगशाळेच्या तपासणीची मर्यादाही इथे समजून घ्यावी. टायटॅनियमचा पांढरा रंग १९२० च्या दशकापासूनचा, पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग १९५० च्या दशकापासूनचे. यावरून चित्र अमुक सालाआधीचे नाही एवढे ठरते. ते कोणाचे, हे ठरत नाही. कॅलिफोर्नियात टेरी हॉर्टन या निवृत्त ट्रकचालक बाईंनी जुन्या सामानाच्या दुकानातून ५ डॉलरला घेतलेले चित्र पोलॉकचे असल्याचा दावा बोटाच्या ठशाच्या आधारे झाला, त्यावर २००६ मध्ये माहितीपटही निघाला. पण चित्र त्या दुकानात कुठून आले याचा मागच लागला नाही आणि बाजाराने ते पोलॉकचे म्हणून स्वीकारले नाही.

आता किंमत

किंमत कशासाठी हवी, हे आधी ठरवावे. विम्यासाठीची किंमत म्हणजे तसेच चित्र दुकानातून पुन्हा घ्यायला काय पडेल. ती सर्वांत जास्त. बाजारभाव म्हणजे घाई नसलेला विक्रेता आणि माहीतगार खरेदीदार यांच्यात जुळेल तो आकडा. वाटणीसाठी सहसा हाच धरतात. आणि महिनाअखेर घर सोडायचे आहे म्हणून मिळेल ती किंमत तिसरी, सर्वांत कमी. एकाच चित्राचे हे तीन आकडे एकमेकांपासून फार लांब असू शकतात आणि भावंडांतली भांडणे पुष्कळदा यातूनच होतात.

नाव लागले असेल तर त्याच चित्रकाराची, त्याच काळातली, त्याच माध्यमातली, जवळपासच्या आकाराची विकली गेलेली चित्रे शोधायची. मागितलेली किंमत धरायची नाही, झालेली विक्री धरायची. लिलावात जाहीर होणाऱ्या आकड्यात खरेदीदाराकडून घेतलेले शुल्क मिळवलेले असते, आणि विक्रेत्याच्या हाती त्यातून कमिशन वजा होऊन रक्कम येते, हेही लक्षात ठेवावे. कागदावर केलेले काम सहसा कॅनव्हासपेक्षा स्वस्त.

नाव लागलेच नाही, तर चित्राची तुलना तेवढ्याच आकाराच्या, हाताने रंगवलेल्या सजावटीच्या चित्राशी होते. त्या भावाला पाया धरून, चित्र चांगले असेल, जुने असेल, अवस्था उत्तम असेल तर वर जायचे. बुरशी, फाटलेले कापड, सुटलेले पापुद्रे असतील तर खाली यायचे. दुरुस्तीचा खर्च चित्राच्या भावाहून जास्त होणे इथे नेहमीचेच. हे ऐकायला कठोर वाटते, पण निनावी चित्राबाबत कोणी फोटो पाहून लाखाची भाषा केली तर त्याचा स्वार्थ कुठे आहे ते तपासावे.

चित्रकार हयात, तरुण आणि अजून बाजारात नाव नसलेला असेल तर गणित वेगळे असते. आपल्याकडे चौरस इंचाचा दर लावायची पद्धत रूढ आहे. समजा, दर २० रुपये. १२ बाय १२ इंचांचे चित्र २,८८० रुपयांना, ४८ बाय ६० इंचांचे ५७,६०० रुपयांना. मोठे चित्र वीसपट महाग झाले, पण त्यात वीसपट कष्ट किंवा वीसपट विचार असतोच असे नाही, आणि लहान चित्राची फ्रेमच चित्राहून महाग पडते. म्हणून काही जण लांबी आणि रुंदीची बेरीज करून तिला दर लावतात. त्या पद्धतीत हीच दोन चित्रे २४ आणि १०८ इंचांची होतात, म्हणजे फरक साडेचार पटींचा. मला ही दुसरी रीत जास्त न्याय्य वाटते. तरुण चित्रकाराकडून घेताना घासाघीस करण्यापेक्षा त्याची आधीची विक्री, शिक्षण, सहभागी झालेली प्रदर्शने विचारावीत आणि सही-तारखेचे प्रमाणपत्र मागावे. त्याच्यासाठीही ती पहिली नोंद असते.

कोणाला दाखवायचे

मुंबईतली लिलावगृहे फोटो पाठवल्यास चित्र त्यांच्या कामाचे आहे की नाही एवढे सांगतात. नकार आला म्हणजे चित्र टाकाऊ असे नाही. त्या नावाला लिलावात मागणी नाही, इतकाच अर्थ. लेखी मूल्यांकन हवे असेल तर सरकारकडे नोंदणी झालेल्या मूल्यांककांत कलाकृतींचा वेगळा वर्ग आहे. त्यांची फी ठरावीक असावी, किमतीच्या टक्केवारीवर नसावी. मूल्य सांगणारा माणूस तेच चित्र विकत घ्यायला तयार असेल तर दुसऱ्याचे मत घेतल्याशिवाय हो म्हणू नये. साफसफाईसाठी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या कला संवर्धन केंद्रासारख्या ठिकाणच्या तज्ज्ञांना विचारावे. घरी ओले फडके, बटाट्याची फोड, स्पिरिट यातले काही लावू नये. ॲक्रिलिक रंग स्पिरिटने विरघळतो.

कायद्याच्या दोन-तीन गोष्टी

पुरातन वस्तू आणि कलासंपदा कायदा १९७२ चा आहे. शंभर वर्षांहून जुन्या चित्रांना आणि रविवर्मा, अमृता शेरगिल यांच्यासारख्या मोजक्या चित्रकारांच्या कामांना त्याची बंधने आहेत. समकालीन अमूर्त चित्र त्यात येत नाही. चित्र विकत घेतले तरी कॉपीराइट चित्रकाराकडे किंवा त्याच्या वारसांकडे राहतो, मृत्यूनंतर ६० वर्षे. म्हणून निनावी चित्राची छपाई करून विकणे धोक्याचे. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५३-अ मध्ये तर १० हजार रुपयांहून जास्त किमतीच्या पुनर्विक्रीत मूळ चित्रकाराला वाटा मिळण्याची तरतूदही आहे. आयकरासाठी चित्र ही भांडवली मालमत्ता समजली जाते, तेव्हा विक्रीची पावती जपावी.

नोंदपत्र

शेवटी विकायचे ठरो वा ठेवायचे, चित्राचे एक पान तयार करावे: माप (उंची आधी, मग रुंदी), माध्यम, पुढचे-मागचे फोटो, सही जशी दिसते तशी, लेबलांवरचा मजकूर, घरात आल्याची हकिगत, जिथे जिथे शोध घेतला त्या ठिकाणांची नावे आणि तिथे काही सापडले नसेल तर तेही. एक प्रत चित्राच्या मागे लिफाफ्यात अडकवावी, चिकटवू नये. डिंकाने कॅनव्हासला डाग पडतो आणि कसर लागते. दुसरी प्रत घरच्या कागदपत्रांत. चित्र विकले तर हे पान खरेदीदाराला द्यावे, आणि पुढेमागे नाव लागले तर कळवण्यासाठी त्याचा पत्ता ठेवून घ्यावा.